एकात दुसरा, दुसऱ्यात तिसरा : नाताळच्या रोस्टचा हा घाट घालावा का?

मैत्रिणींनो, डिसेंबर लागला की आमच्या भाईंदरात घराघरांतून दोन वास यायला लागतात. एक तळणीच्या तेलाचा आणि दुसरा सिरक्यात मुरत पडलेल्या मटणाचा. उत्तन, पाली, डोंगरीकडच्या गल्ल्यांतून कागदी चांदण्या लागतात, होड्या किनाऱ्याला परततात, आणि बायकांच्या बोलण्यात एकच विषय असतो : 'यंदा नाताळला काय करणार?'

हा प्रश्न तुम्हालाही ओळखीचा असेल. तुमच्याकडे तो दिवाळीला पडतो, गौरींच्या जेवणाला पडतो, जावई पहिल्यांदा यायचा असला की पडतो. नेहमीचंच करायचं, की यंदा असं काही करायचं की पाहुण्यांनी तोंडात बोट घालावं? आणि हल्ली घरातल्या प्रत्येकाच्या हातात फोन असल्यामुळे हे 'असं काही' सातासमुद्रापलीकडून थेट आपल्या ओट्यावर येऊन पडतं.

माझ्या ओट्यावर ते आलं दोन वर्षांपूर्वी. पदार्थ असा : टर्कीची सगळी हाडं काढायची, तिच्या पोटात बिनहाडाचं बदक घालायचं, बदकाच्या पोटात बिनहाडाची कोंबडी, मधल्या जागांत तीन तऱ्हेचं सारण, आणि सगळं शिवून अख्खं भाजायचं. सुरी फिरवली की केकच्या थरांसारखी चकती निघते. अमेरिकेत त्याला टर्की, डक आणि चिकन या तिघांची नावं जोडून 'टर्डकन' म्हणतात. चित्रफितीत तो बाबा हसतहसत पंधरा मिनिटांत सगळं करतो. मला वाटलं, आपणही करू!

मला वाटण्याला कारणही तसंच होतं. थोरल्या जाऊबाई आठ वर्षांनी मस्कतहून नाताळला येणार होत्या. सोबत त्यांची लेक, तिला पाचवा महिना. आता आठ वर्षांनी आलेल्या जाऊबाईंपुढे नेहमीचीच बदकाची मोयली ठेवायची का? खरं सांगते, त्यात त्यांच्या आनंदापेक्षा माझ्या मोठेपणाचाच भाग जास्त होता.

मी काय केलं

पहिली अडचण टर्कीची. ती आपल्याकडे सहज मिळत नाही, आधी सांगून ठेवावी लागते, आणि मिळाली तरी आपल्या घरगुती ओव्हनमध्ये मावत नाही. म्हणून मी माझ्या अकलेने बेत बदलला : बाहेर बदक, त्यात कोंबडी, आणि कोंबडीत दोन लाव्हे.

दुसरी अडचण सालीची. तुम्हाला माहीतच आहे, आपला चिकनवाला कोंबडी सोलूनच देतो. रोस्टला तर साल हवीच. तीच शिवायची असते आणि तीच खमंग होते. त्याला दोनदा बजावून सांगितलं, तरी पहिली कोंबडी त्याने सवयीने सोललीच! दुसरी घ्यावी लागली.

मग हाडं काढणं. चोवीस तारखेला संध्याकाळी बसले. बदकाला दीड तास, कोंबडीला एक, दोन लाव्ह्यांना मिळून चाळीस मिनिटं. सारणं करायला तास. एकात एक घालून शिवायला जवळजवळ आणखी एक तास. पाच तास झाले. मध्यरात्रीच्या मिस्सेला घरातली सगळी नवे कपडे घालून गेली, आणि मी मात्र सुती दोरा ओवलेली दाभणासारखी सुई हातात धरून ओट्यापाशी. देवळातून परतलेल्या आमच्या ह्यांनी विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "झोपा तुम्ही." गाठोडं फ्रीजमध्ये ठेवलं तेव्हा एक वाजून गेला होता.

पंचवीसला सकाळी दहा वाजता ते फ्रीजमधून काढून तसंच थंडगार ओव्हनमध्ये सारलं. साडेबाराला वरची साल काळपट तांबडी दिसायला लागली. वास तर असा सुटला की शेजारचे डोकावून गेले. पाहुणे बसलेले. मी बाहेर काढलं, मोठ्या थाळ्यात ठेवलं, सगळ्यांनी फोटो काढले. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, हे तर हॉटेलातलं वाटतं!" त्या वाक्याने माझ्या पाच तासांचं चीज झालं असं मला वाटलं.

मग ह्यांनी सुरी घातली. बाहेरचं बदक शिजलेलं होतं. कोंबडीचा बाहेरचा भाग पांढरा होता. पण मधोमध लाव्हे होते, त्याच्या आसपास सगळं गुलाबी, ओलसर, आणि रसही गुलाबीच. जाऊबाईंच्या लेकीच्या ताटलीत पहिली चकती पडली होती. तिच्या शेजारी आमच्या सासूबाई, वय ऐंशीच्या पुढे. मी दोघींच्या ताटल्या ओढून घेतल्या. कोणी काही बोललं नाही. पण माझे हात कापत होते, ते रागाने नाही, भीतीने. एक घास गेला असता तर?

ते सगळं कापून परत तव्यावर परतलं. त्याचं दिसणं गेलं, थर सुटले. बदकाची आतली साल रबरासारखी लागत होती. आणि त्या दिवशी जेवण झालं ते कशावर? माझ्या आईने उत्तनहून भावाबरोबर सकाळीच पाठवलेल्या डब्यावर! बदकाची मोयली आणि फुगे. जाऊबाईंनी तीनदा वाढून घेतलं. म्हणाल्या, "मस्कतला सगळं मिळतं गं, हे नाही मिळत."

हे खूळ आलं कुठून?

नंतर शांत झाल्यावर मी याची माहिती काढली, आणि मजेशीर गोष्टी हाती लागल्या.

एकात एक पक्षी भरण्याचं हे खूळ अमेरिकेतलं नवं नाही. इंग्लंडमध्ये हॅना ग्लास या बाईंनी १७४७ साली छापलेल्या पाकपुस्तकात 'यॉर्कशायर ख्रिसमस पाय' दिला आहे. कबुतर तितरात, तितर कोंबडीत, कोंबडी हंसात, हंस टर्कीत, आणि सगळ्यांभोवती जाड कणकेची भिंत. ती भिंत जाड का? तर असे पाय पेटीत घालून लंडनला भेट म्हणून पाठवत असत, प्रवासात फुटू नये म्हणून. पुढे १८०७ साली ग्रिमो द ला रेनिएर या फ्रेंच खवय्याने एकात एक सतरा पक्ष्यांचा रोस्ट वर्णिला. सर्वांत आत एक एवढासा पक्षी, त्याच्या पोटात एक ऑलिव्ह, आणि सर्वांत बाहेर आपल्या माळढोकाचा युरोपातला भाऊबंद. तीन पक्ष्यांचा हा अमेरिकी प्रकार १९८०च्या दशकात लुईझियाना राज्यातून लोकप्रिय झाला.

आता यात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? श्रीमंतांच्या त्या स्वयंपाकघरांत एक बाई एकटी नसायची. आचारी, हाताखालचे, भांडी घासणारे असायचे. आजही अमेरिकेत बहुतेक जण हा रोस्ट घरी करत नाहीत, खाटकाकडून तयार शिवलेला आणतात. चित्रफितीत हे दिसत नाही. आपण बघतो ती फक्त सुरी फिरवल्यानंतरची चकती.

आणि टर्कीचं म्हणाल, तर ती आपल्याला अगदीच परकी नाही. पक्षी मूळचा अमेरिकेतला, पण १६१२ साली मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी नवलाईच्या वस्तू नेल्या त्यांत टर्कीही होती. बादशहाला ती इतकी अजब वाटली की त्याने उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. पाहिलंत? त्याने चित्र काढवलं. मीही तिथेच थांबायला हवं होतं!

आमच्याकडची रीत

भाईंदर, उत्तन, गोराई, वसई या पट्ट्यात १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती. चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज गेले. पण सिरका राहिला, सोरपोतेल राहिलं, पिठाचे फुगे राहिले. त्यांना आम्ही आमच्या कोकणी-मराठी मसाल्यात घोळवलं. आमच्या समाजाने १८८७ साली 'ईस्ट इंडियन' असं नाव घेतलं, तरी घरातली बोली मराठीचीच आहे आणि चूलही.

आमच्या स्वयंपाकाचा कणा म्हणजे बाटली मसाला. उन्हाळ्यात मिरच्या आणि वीस-पंचवीस जिन्नस वाळवून, भाजून, कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचा. हे काम कधी एकीचं नव्हतंच. कुटणाऱ्या वेगळ्या, चाळणाऱ्या वेगळ्या, भाजणारी एखादी जाणती. फुगे तळायलाही दोघी-तिघी लागतात. म्हणजे आमचे पदार्थ सोपे आहेत असं नाही, कष्ट त्यांतही भरपूर. पण ते वाटून घेतलेले आहेत, आणि बरेचसे सणाच्या आधी उरकलेले आहेत. सोरपोतेल तर दोन दिवस आधी करायचं, रोज उकळी द्यायची, मुरलं की जास्त चांगलं. सणाच्या दिवशी घरची बाई ताटावर बसू शकते.

आणखी एक. नाताळला आम्ही शेजारी ताटं पाठवतो. दिवाळीत फराळाचं आलेलं ताट रिकामं परत जात नाही, त्यात नेवऱ्या, कलकल आणि केक जातो. मोयलीही डब्यातून जाते, बसमधून उत्तनहून भाईंदरला येते, दुसऱ्या दिवशी गरम करून खाता येते. तीन पक्ष्यांच्या रोस्टचं काय पाठवणार? हॅना ग्लासबाईंना निदान जाड भिंत तरी बांधता येत होती!

चुकलं कुठे?

हे प्रत्येकीने समजून घेण्यासारखं आहे, कारण भरलेली कोंबडी काय किंवा जाड मटणाचा रोस्ट काय, नियम तेच.

उष्णता बाहेरून आत हळूहळू जाते. जाडी दुप्पट झाली की वेळ दुप्पट नाही, जवळजवळ चौपट लागतो. म्हणून वरून काळं आणि आतून कच्चं. टर्कीच्या मोठ्या रोस्टला मंद आचेवर आठ-दहा तास लागतात, ते यामुळेच. मी दिले अडीच, आणि तेही फ्रीजमधून काढलेल्या थंड गाठोड्याला.

कोंबडी, बदक, लाव्हा, कुठलाही पक्षी असो, त्याच्या मध्यापर्यंत ७४ अंश सेल्सिअस उष्णता पोचायला हवी. नाहीतर साल्मोनेलासारखे जंतू जिवंत राहतात. तुम्हा-आम्हाला दोन दिवस पोट बिघडून सुटका होईल, पण गर्भार बाई, तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं यांना ते जड जातं. मांसात खुपसायचा थर्मामीटर मिळतो. रोस्ट करणाऱ्या घरात तो असलाच पाहिजे असं मी आता म्हणते.

माझी दुसरी चूक म्हणजे रात्रीच सारण भरून ठेवणं. सारण वेगळं, पक्षी वेगळा, दोन्ही थंड ठेवावेत, आणि भाजायच्या अगदी आधी भरावं. तिसरी चूक बदकाची. बदकाला चरबी फार. एकटं भाजलं तर ती वितळून खाली गळते आणि साल कुरकुरीत होते. आत कोंबडी कोंबली की आतल्या बाजूची चरबी तिथेच अडकते. म्हणजे तीन पक्ष्यांचे कष्ट, आणि खमंग साल एकाचीच.

मग करावा की नाही?

करूच नका असं मी म्हणणार नाही. एखादीला हौस असते, आणि हौसेला मोल नसतं. पण हात घालण्यापूर्वी स्वतःला हे पाच प्रश्न विचारा :

१) जेवायला निदान पंधरा माणसं आहेत का? चार-सहा माणसांसाठी हा घाट व्यर्थ आहे.

२) हाडं काढून देणारा खाटीक ओळखीचा आहे का? अर्धे कष्ट तिथेच वाचतात.

३) घरातलं दुसरं कोणी पूर्ण वेळ हाताखाली उभं राहणार आहे का? 'काही लागलं तर हाक मार' म्हणणारे यात धरू नका.

४) ओव्हन पुरेसा मोठा आहे का, आणि तो सबंध दिवस अडकून चालेल का?

५) थर्मामीटर आहे का?

पाचही उत्तरं 'हो' असतील तर खुशाल करा. एकही 'नाही' असेल तर माझं ऐका आणि भरलेली कोंबडी करा. मी केलं ते सणाच्या दिवशी पहिल्यांदाच केलं, हेही विसरू नका. नवा पदार्थ आधी एखाद्या साध्या रविवारी घरच्यांवर करून पाहावा, हे आपल्या आया सांगत आल्या ते उगीच नाही.

टोपातली भरलेली कोंबडी

हा रोस्ट ओव्हनशिवाय होतो. पूर्वी घरोघरी ओव्हन कुठे होते? केक असो की रोस्ट, एकतर पावाच्या भट्टीत नेऊन भाजून आणायचा, नाहीतर टोपात करायचा. पाच-सहा माणसांना पुरतो.

साहित्य : सालीसकट अख्खी कोंबडी सव्वा ते दीड किलो, आलं-लसूण वाटण दोन चमचे, सिरका दोन चमचे, हळद अर्धा चमचा, मिरपूड एक चमचा, बाटली मसाला दोन चमचे (नसेल तर काश्मिरी मिरचीची पूड आणि गरम मसाला), मीठ, तूप किंवा तेल तीन मोठे चमचे.

सारणासाठी : कोंबडीची कलेजी-पेटा, एक मोठा उकडलेला बटाटा, दोन स्लाइस पाव, एक कांदा, मूठभर उकडलेले मटार, दहा-बारा बेदाणे, थोडा पुदिना, एक उकडलेलं अंडं, मीठ, मिरपूड.

कृती : कोंबडीला वाटण, सिरका, हळद, मिरपूड, मसाला आणि मीठ आतून-बाहेरून चोळून फ्रीजमध्ये रात्रभर ठेवावी. सारण दुसऱ्या दिवशी करावं. कांदा परतून त्यात बारीक चिरलेली कलेजी-पेटा पूर्ण शिजवून घ्यावी. कुस्करलेला बटाटा, पाव, मटार, बेदाणे, पुदिना घालून कालवावं. कोंबडी अर्धा तास बाहेर काढून ठेवावी. मग सारण भरावं, मधोमध अख्खं अंडं ठेवावं. सारण ठासून भरू नये, ते फुगतं. पोट सुती दोऱ्याने शिवून पाय बांधावेत.

जाड बुडाच्या टोपात तूप तापवून कोंबडी सगळ्या बाजूंनी तांबूस करावी. एक वाटी गरम पाणी घालून वर खोलगट झाकण ठेवावं, झाकणात पाणी घालावं. मंद आचेवर सव्वा ते दीड तास, अधूनमधून उलटत शिजवावी. टोपातलं पाणी आटलं तर झाकणातलंच गरम पाणी घालावं. शेवटी झाकण काढून आच वाढवावी म्हणजे रस दाट होतो आणि साल तुकतुकीत दिसते. मांडीच्या सांध्यात टोचलं तर रस स्वच्छ आला पाहिजे, आणि थर्मामीटर थेट सारणाच्या मध्यात खुपसून ७४ अंश दाखवला पाहिजे. दहा मिनिटं तशीच ठेवून मग कापावी.

सुरी फिरवली की कोंबडी, सारण आणि मधोमध अंड्याची पिवळी चकती दिसते. म्हणजे पाहा, एकात दुसरं आणि दुसऱ्यात तिसरं आलंच की! आणि कष्ट किती? हाताचं काम तासाभराचं.

गेल्या नाताळला मी हीच केली. कोंबड्या दोन, टोप दोन. सोरपोतेल तेवीसलाच करून ठेवलं होतं. मोयली आईकडून आली, फुगे शेजारच्या दोघींबरोबर तळले. चोवीसच्या रात्री मी घरच्यांबरोबर मिस्सेला गेले. सासूबाईंचा हात धरून देवळाची पायरी चढताना त्या म्हणाल्या, "मागच्या वर्षी तू नव्हतीस, मला चुकल्यासारखं झालं होतं." वर्षभर त्यांनी ते मनात ठेवलं होतं.

जाऊबाईंच्या लेकीला मुलगी झाली. यंदा ती पोरगी पहिल्यांदा नाताळला भाईंदरला येणार आहे. कोंबडी टोपातच होणार, आणि मी पंगतीला सगळ्यांबरोबर बसणार.

तुमच्याकडे कधी असा फसलेला थाट झाला आहे का? कोंबडी करून पाहा, आणि कशी झाली ते जरूर कळवा.